कडी मिटली पाहिजे

भंडारा म्हटलं की पितळेची भांडी, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या घरीही आईच्या आंदणातला पितळी गुंड होता. बूड झिजून तो गळू लागला. डाग देऊनही टिकेना, तेव्हा मोडीत घालण्याऐवजी मी मागून घेतला. त्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी आईचं नाव कोरलेलं होतं. म्हटलं, यातून लेकीसाठी चिलखतासारखं पदक करू. पत्र्याचे खवले आणि तारेच्या कड्या.

ठोकून ठोकून पितळ कडक होतं. म्हणून पत्रा आधी मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ केला. मग पिंपळपानाच्या आकाराचे, दीड सेंटिमीटर लांबीचे सहा खवले कातरले, वरच्या टोकाला भोक पाडलं, कडा कानशीनं घासल्या. एक मिलिमीटर जाडीची पितळी तार पाच मिलिमीटरच्या सळईवर गुंडाळून कड्या कापल्या. खाली एक खवला, वर दोन, त्यावर तीन. खालच्या भोकात दोन कड्या. प्रत्येक कडीत वरच्या ओळीतला एक खवला. शेजारचे खवलेही कडीनं जोडले. आईच्या नावाचं पहिलं अक्षर असलेला खवला मी मुद्दाम सगळ्यांत खाली लावला.

लेक ते घालून लग्नाला गेली. परत आली तेव्हा पदकाला पाचच खवले होते. अक्षराचा खवला कुठे पडला, कळलं नाही.

चूक माझीच. कडी उघडताना मी तिची टोकं बाजूला फाकवली होती. तशी कडी पुन्हा गोल होत नाही. केसाएवढी फट राहते आणि पातळ पत्रा तेवढ्यातून निसटतो. दोन पकडींनी धरून एक टोक पुढे, एक मागे असं वळवायचं. मिटतानाही तसंच, किंचित पुढे नेऊन सोडायचं, म्हणजे टोकाला टोक भिडतं. बोट फिरवलं तर खरखर लागता कामा नये.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अंगरख्याखाली चिलखत घालून गेले, हे आपण शाळेपासून ऐकतो. जुन्या चांगल्या चिलखतांत कडीची टोकं चपटी करून, एकावर एक ठेवून बारीक रिवेटनं जखडलेली असत. नुसती मिटलेली कडी शस्त्राच्या टोकानं उघडते. तिथं जिवाचा प्रश्न होता, माझ्याकडे एका अक्षराचा. पण कडीचा नियम तोच.

आईला सांगायला जीभ रेटत नव्हती. तिनं पदक हातात घेतलं, एकेका कडीवरून नख फिरवलं आणि म्हणाली, "अक्षर गेलं त जाऊ दे बाई. बाकीच्या आधी नीट मिटव."

बाराच्या बारा कड्या मी नव्यानं केल्या. सहावा खवला त्याच गुंडाच्या कोऱ्या पत्र्याचा आहे. चिंचेनं घासला की इतरांसारखाच चमकतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)