आपल्या कामाचे मोल कोणी ठरवावे?
(वार्षिक मेळाव्यात व्यवस्थापनाच्या वतीने झालेले भाषण)



रुग्णसेवेचा दर्जा रुग्णाच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसावर अवलंबून असतो. त्या माणसाच्या कामाचे मूल्यमापन न्याय्य व्हावे, ही आम्ही आमची जबाबदारी मानतो.

अनेक संस्थांत कर्मचारी प्रथम स्वतःला गुण देतो आणि ते पाहून विभागप्रमुख आपले गुण लिहितात. या रीतीत सौजन्य आहे, तसा धोकाही आहे. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग मांडला. संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण किती, हे विचारण्यापूर्वी आकड्यांचे चक्र फिरविले गेले. १० आकडा पाहिलेल्यांचा मध्यम अंदाज २५ टक्के, तर ६५ पाहिलेल्यांचा ४५ टक्के निघाला. असंबद्ध आकडा मनाला एवढा खेचतो, तर सहकाऱ्याने स्वहस्ते लिहिलेला आकडा वरिष्ठांची लेखणी खेचणारच.

शिवाय तो आकडा अचूक असेलच असे नाही. डॉक्टरांच्या स्वयंमूल्यमापनाचा एक आढावा २००६ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. बाह्य मोजमापाशी केलेल्या २० तुलनांपैकी १३ मध्ये मेळ अत्यल्प, शून्य वा उलट आढळला. एक्सली आणि केसलर यांच्या २०२२ च्या अभ्यासात सारखीच कामगिरी करूनही स्त्रियांनी स्वतःला पुरुषांहून कमी लेखले; प्रत्यक्ष गुण कळल्यावरही तो फरक उरला.

परिचर्येचा भार बहुतांशी स्त्रियांच्या खांद्यावर आहे, हे येथे लक्षात घ्यावे. रात्रपाळीत रुग्णाची कूस वेळोवेळी बदलणारी परिचारिका स्वतःपुढे ‘साधारण’ असे लिहून मोकळी होते. वरिष्ठही तेच गिरवतात आणि तिची बढती, प्रशिक्षण मागे पडते. तिच्यामुळे न झालेल्या शय्याव्रणाची नोंद कोणत्या रकान्यात करणार?

म्हणून आमचे आग्रहाचे मत आहे की, विभागप्रमुखांनी कामाच्या नोंदी पाहून आपले गुण आधी लिहावेत. स्वयंमूल्यमापन त्यानंतरच उघडावे. दोहोंत अंतर दिसेल तेथे समोरासमोर बोलावे. कर्मचाऱ्यानेही आकड्याऐवजी केलेले काम आणि आलेल्या अडचणी लिहाव्यात. त्या त्याच्याइतक्या कोणास ठाऊक असणार?

आपल्या दानातून सेवा उभी राहते. ती करणाऱ्या अबोल हातांनाही त्यांचे माप पुरते मिळावे, एवढीच प्रार्थना.