देहाचा मान व तरुणांचे मन



ज्युबिली हा देवाचे आभार मानण्याचा दिवस, तसाच तो आत्मपरीक्षणाचाही होय. दरवर्षी फेब्रुवारींत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेस जमणारी तरुण मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. तीं हौसेनें फोटो काढितात. परंतु तो इतरांस दाखविण्यापूर्वीं फोनकडून नाक बारीक व कांति उजळ करून घेतात. ही गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. जो आपला चेहरा दुरुस्त केल्यावांचून कोणास दाखवीत नाहीं, त्यास तो चेहरा हळूहळू नकोसा होतो.

हें केवळ वडीलधाऱ्यांचें कुरकुरणें नव्हे. २०२१ सालीं फेसबुक कंपनीचे अंतर्गत कागद उघडकीस आले. आपल्या शरीराविषयीं आधींच असमाधानी असलेल्या किशोरवयीन मुलींपैकीं तिघींत एकीचें दुःख इन्स्टाग्राममुळें वाढतें, असें कंपनीच्याच संशोधकांस आढळलें होतें. ज्या चित्रावर नजर थांबते, तसलींच चित्रें हें यंत्र पुनःपुन्हां पुढें आणितें. पूर्वीं चार मैत्रिणींशीं होणारी तुलना आतां साऱ्या जगाशीं, आणि तीही निवडक व रंगविलेल्या चेहऱ्यांशीं होते. २०२४ सालीं उत्तर प्रदेशांत दहावीच्या परीक्षेंत पहिली आलेल्या मुलीची, तिच्या चेहऱ्यावरील केसांवरून टवाळी झाली. एवढें यश मिळवूनही तिची सुटका झाली नाहीं!

परंतु सारा दोष यंत्रावर टाकून आम्हीं मोकळें व्हावें काय? 'फेअर अँड लव्हली' हें गोरेपणाचें मलम या देशांत १९७५ सालीं आलें. तेव्हां हे फोन कोठें होते? लग्नाच्या बोलण्यांत "मुलगी उजळ आहे ना?" असें विचारणारे आम्हीच, मिस्सेनंतर चर्चच्या अंगणांत "किती जाड झालीस ग!" असें चारचौघांत म्हणणारेही आम्हीच. यंत्रानें आमचेच शब्द सहस्रपट मोठे केले.

ज्या बाळ येशूपुढें आपण गुडघे टेकतों, त्यानें मनुष्यदेह धारण केला. त्यामुळें प्रत्येक देहास जो मान प्राप्त झाला, तो रंग वा बांधा पाहून मिळालेला नाहीं. हें मुलांस धर्मशिक्षणाच्या वर्गांत सांगावें. परंतु त्याआधीं तें त्यांस आमच्या नजरेंत दिसावें.

यंत्र स्वतः पाप नव्हे. २००६ सालीं पंधराव्या वर्षीं निवर्तलेल्या व २०२५ सालीं संतपदास पोहोंचलेल्या कार्लो आकुतिसनें संगणकाच्या साह्यानें ख्रिस्तशरीरविषयक चमत्कारांची माहिती जगापुढें ठेविली.

म्हणून या ज्युबिलीची आठवण म्हणून आम्ही एक व्रत सुचवितों. घरांत वा चर्चच्या आवारांत कोणाच्याही रंगाविषयीं वा अंगकाठीविषयीं शब्द काढावयाचा नाहीं. रात्रीच्या जेवणाच्या वेळीं सर्वांचे, वडिलांचेही, फोन बाजूस ठेवावे. एखादें मूल जेवण टाळूं लागलें, माणसांत येईनासें झालें, तर "नखरे" म्हणून त्यास झिडकारूं नये. त्याच्यासाठीं प्रार्थना करावी, आणि डॉक्टरचाही सल्ला घ्यावा. शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

आमच्या मुलांस आपला चेहरा देवाची देणगी वाटो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.