पावसाळी वाटेसाठी बूट निवडताना

जुलै जवळ आला की कोल्हापुरात पन्हाळा ते पावनखिंड मोहिमांची लगबग सुरू होते. १२ जुलै १६६०च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ज्या दिशेने निसटले आणि दुसऱ्या दिवशी बाजीप्रभू देशपांडे जिथे घोडखिंड (आजची पावनखिंड) अडवून उभे राहिले, तीच ही वाट. म्हाळुंगे, मसाई पठार, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, पांढरेपाणी अशी सुमारे ५० किलोमीटरांची चाल बहुतेक गट दोन दिवसांत पुरी करतात, तीही भर पावसात. पाठपिशवीत काय भरायचे याची चर्चा महिनाभर चालते. पायात काय घालायचे हे मात्र दुकानात जाऊन दहा मिनिटांत उरकले जाते, आणि तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो: बूट वॉटरप्रूफ आहे का? आपल्याकडच्या पावसासाठी हा प्रश्न कामाचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आत शिरलेले पाणी किती लवकर बाहेर पडते आणि तळ ओल्या वाटेवर किती धरतो, हे आधी विचारायला हवे.

वॉटरप्रूफ बुटात कापडाच्या आतून एक पातळ पडदा असतो. तो बाहेरचे पाणी अडवतो आणि घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. थंड हवेत, दवाने भिजलेल्या गवतात किंवा विरघळत्या बर्फात तो चांगले काम करतो. आपल्या वाटेवर पाणी वरून येते. ओढ्यात पाऊल टाकले की ते घोट्याच्या वर चढते, भातखाचराच्या बांधावरून पाय घसरला की पिंढरीपर्यंत चिखल लागतो, आणि यातले काही घडले नाही तरी पायावरून ओघळणारा पाऊस मोज्यातून झिरपत खाली उतरतोच. एकदा पाणी आत गेले की जो पडदा त्याला अडवणार होता, तोच त्याला कोंडून ठेवतो. तासन्‌तास पाण्यात राहिलेली कातडी पांढरी पडते, सुरकुतते, मऊ होते आणि मग जरा घासली तरी फोड येतो. दमट जंगलांत लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या ‘जंगल बुटां’ना तळव्याच्या आतल्या बाजूला, अगदी खाली, पाणी निघून जाण्यासाठी जाळीची भोके ठेवलेली असत, ती याच कारणाने. जाळीदार कापडाचा साधा बूटही तेच करतो. पावलागणिक पाणी पिळून बाहेर टाकतो. पाय ओले राहतील, हे खरेच. पण ते दोन्ही बुटांत राहणार आहेत. सुती मोजे टाळून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घालावेत आणि मुक्कामासाठी एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा, एवढा उपाय पुरतो.

तळाचा विचार जास्त बारकाईने करावा लागतो, कारण या वाटेवर दोन वेगळ्या गोष्टी त्याची परीक्षा घेतात. मसाई पठारावर जांभा आहे. तो खडबडीत असल्याने पाय धरतो, पण त्याची लाल माती भिजली की बुटाला चिकटून बसते. तिच्यासाठी तळाचे खाचे खोल हवेत आणि एकमेकांपासून सुटे हवेत, म्हणजे चिखल त्यांत अडकून न राहता झडून जातो. खाली ओढ्यांत पाण्याने गुळगुळीत झालेला काळा कातळ आहे. तिथे खाच्यांच्या खोलीपेक्षा रबराचा मऊपणा उपयोगी पडतो, कारण मऊ रबर दगडाच्या बारीक उंचसखलपणात दबून बसते. हे दुकानातच तपासता येते: तळावर अंगठ्याचे नख जोराने दाबावे. नख किंचित रुतले तर बरे. चकाकणाऱ्या, टणक तळावरून ते नुसते सरकते. खाच्यांच्या रबरी तळाचा शोधही डोंगरातल्या दुर्घटनेतून लागला. १९३५ साली आल्प्समध्ये गिर्यारोहक विताले ब्रामानी यांचे सहा सोबती मृत्युमुखी पडले. अपुऱ्या बुटांनी त्यांचा घात केला, हे ब्रामानींच्या मनाने घेतले आणि १९३७मध्ये त्यांनी ‘व्हिब्राम’चा रबरी तळ आणला. तरी शेवाळ धरलेल्या दगडावर कोणत्याही रबराचा भरवसा धरू नये.

तळाइतकेच महत्त्वाचे म्हणजे बूट त्या माणसाला जुळतो का. नॉर्वेसारख्या देशांत बर्फावरून चालत-घसरत जाण्यासाठी लांब पट्ट्यांच्या स्की वापरतात. त्यांतल्या काहींच्या तळाला मधोमध शेळीच्या मोहेर केसांची पट्टी असते. केस मागे वळलेले असल्याने पट्टी पुढे सरकू देते आणि मागे जाताना अडते. स्की मधे कमानीसारखी उचललेली असते, आणि माणसाच्या वजनाने ती दबली तरच पट्टी बर्फाला टेकते. म्हणून तिथे जाणता विक्रेता आधी गिऱ्हाइकाचे वजन विचारतो. आपल्याकडे नंबर विचारून थांबतात. वर्षानुवर्षे चप्पल वापरलेल्या अनेकांच्या पायाचा पंजा पसरट असतो, हे कुणी बघतही नाही.

जाळीचा साधा बूट सुचवला की, उंच घोट्याचा बूट घोटा मुरगळू देत नाही, हा आक्षेप हमखास येतो. बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या तुलनेत उंच आणि ठेंगण्या बुटांत तसा ठळक फरक दिसला नाही. वजनाचा फरक मात्र नक्की पडतो. सैनिकांसाठी झालेल्या अभ्यासांत पायातल्या एका किलोला पाठीवरच्या सुमारे पाच किलोंइतकी शक्ती लागते असे आढळले, आणि भिजलेला जाड बूट तर आणखी जड होतो. दुखावलेला घोटा असलेल्यांनी डॉक्टरांचे ऐकावे, ते वेगळे. दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे: मावळे कुठले बूट घालत होते? त्यांचे पाय लहानपणापासून त्या वाटांवर घडलेले होते. वर्षभर फरशीवर वावरणाऱ्या पायाकडून दोन दिवसांसाठी तीच अपेक्षा धरणे हा त्या पायावर अन्याय आहे. आणि बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेले कोल्हापुरी पायताण कितीही अभिमानाचे असले, तरी ते कोरड्या दिवसांचे आहे. पावसात कातडे फुगते, शिवण सैल होते.

बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभराच्या चालीने पाय थोडा सुजलेला असतो. जे मोजे घालून चालणार तेच घालून बूट पाहावा, आणि उतारावर बोटे पुढे आपटणार नाहीत एवढी जागा ठेवावी. घरात जुना बूट पडून असेल तर तो नवा दिसतो म्हणून विश्वास टाकू नये. पॉलियुरेथेनचा मधला थर दमट हवेत न वापरताही आतून कुजतो, आणि मग पहिल्याच ओढ्यात अख्खा तळ सुटून हातात येतो. असा बूट दोन्ही हातांनी वाकवून, कडेने दाबून पाहावा. भेग दिसली किंवा भुगा पडला तर तो बूट बाजूला ठेवावा. नवा घेतला तर जूनमध्येच घ्यावा आणि मुद्दाम भिजवून रंकाळा तलावाभोवती चार-सहा फेऱ्या माराव्यात, म्हणजे तो कुठे घासतो हे घराजवळच कळते आणि बदलायला वेळ राहतो.