निरोप्या आणि पत्ता

कालिदासाच्या यक्षाने रामगिरीवरून मेघाला अलकानगरीकडे धाडले, तेव्हा वाट थोडी वाकडी करून उज्जयिनी पाहून जा, असे त्याला मुद्दाम सांगितले. मेघ वाटेत रेंगाळला असता, फार तर निरोप उशिरा पोचला असता. परंतु यक्षपत्नीचे घर काही हरवले नसते. कारण ते घर मेघाच्या मालकीचे नव्हते. निरोप्या वेगळा आणि पत्ता वेगळा, हा साधा भेद आज त्याच उज्जयिनीत कित्येक घरी विसरला जातो आणि मग ईमेल अडते.

शिंद्यांची राजधानी 1810 साली ग्वाल्हेरला गेली, तरी अनेक मराठी घराणी उज्जैनीतच राहिली. समजा, अशाच एका घराण्यातील सेवानिवृत्त गृहस्थ फ्रीगंज भागात राहतात. मुलगी परदेशी आहे. बँकेची व निवृत्तिवेतनाची पत्रे ईमेलनेच येतात. जुन्या इंटरनेटची गती मंद, म्हणून त्यांनी दुसऱ्या कंपनीची जोडणी घेतली. वर्तमानपत्रे झटकन उघडू लागली. मुलीची पत्रेही पूर्ववत येत राहिली. परंतु तिला लिहिलेले उत्तर काही केल्या जाईना. नवी कंपनी म्हणते, लाइन उत्तम आहे. जुनी म्हणते, आपण आता आमचे ग्राहक नाही. दोघींचे म्हणणे खरे, आणि गृहस्थांची अडचणही खरी!

याचे कारण असे की, ईमेलची आवक आणि जावक ही दोन निरनिराळी खाती आहेत. आलेले पत्र घेण्यास नाव व पासवर्ड सांगितला की पेटी उघडते; मागणी कोणाच्या तारेवरून आली, याची सहसा चौकशी होत नाही. जावकेचे तसे नाही. 1990 नंतरच्या दशकात जाहिरातबाजांनी परक्यांच्या सर्व्हरवरून नको असलेल्या पत्रांचा पाऊस पाडला. तेव्हापासून जावकेच्या दारावर पहारा बसला. जुन्या कंपनीचा सर्व्हर बिनचौकशी पत्र घेतो ते आपल्याच जाळ्यातील ग्राहकाचे. परक्या जाळ्यातून आलेल्यास तो अडवतो. शिवाय 25 क्रमांकाचा जुना पोर्ट, म्हणजे सर्व्हरकडे जाणारे दार, अनेक कंपन्या घरगुती ग्राहकांसाठी बंदच ठेवतात.

उपाय कठीण नाही. प्रथम ब्राउझरमध्ये पेटी उघडून तेथूनच एक पत्र पाठवून पाहावे. ते गेले, तर लाइन आणि पेटी दोन्ही शाबूत असून दोष बहुधा ईमेल प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये आहे, असे समजावे. मग ज्याच्याकडे पेटी आहे, त्यानेच दिलेले जावक सर्व्हरचे नाव तेथे लिहावे. पोर्ट 587 किंवा 465 ठेवावा. सुरक्षित जोडणी निवडावी आणि जावकेसाठीही नाव व पासवर्ड देण्याचा पर्याय चालू करावा. आवकेसाठी आयमॅप पद्धतीचा सुरक्षित पोर्ट 993, तर पॉप पद्धतीचा 995 असतो. मात्र घाईने जुने खाते प्रोग्राममधून पुसू नये. पॉप पद्धतीत पत्रे पुष्कळदा सर्व्हरवर उरतच नाहीत, केवळ त्या संगणकात असतात. खात्याबरोबर तीही नाहीशी व्हावयाची!

एवढ्याने पत्र जाईल. पण मूळ दुखणे राहीलच. रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने 1971 साली ईमेलच्या पत्त्यात '@' हे चिन्ह योजले. त्याच्या अलीकडे माणसाचे नाव, पलीकडे त्याची पेटी सांभाळणाऱ्याचे. पलीकडे जुन्याच कंपनीचे नाव असेल, तर तो पत्ता भाड्याच्या खोलीसारखा आहे. भारतात विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी लोकांसाठी इंटरनेट खुले केले. खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली ती 1998 मध्ये. तोवर तार आणि पत्ता एकाच हातून मिळत, म्हणून ते एकच वाटले. 20 जानेवारी 2011 पासून देशभर मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. ईमेलच्या पत्त्याला ती सवलत नाही. पेटी बंद झाली की मुलीचे पत्र परत जाते. आणि विसरलेला पासवर्ड बदलण्याची बँकेची सूचनाही त्याच बंद दारावर जाते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. कोणत्याही जोडणीशी न बांधलेला पत्ता आधी घ्यावा. बँक, निवृत्तिवेतन कार्यालय आणि आप्तेष्ट यांना तो कळवावा. जुनी पत्रे उतरवून घ्यावी. नंतर काही महिने जुन्या पेटीवर नजर ठेवावी. तेथे कोणाचे पत्र अजून येते, यावरून कोणाला कळवावयाचे राहिले ते समजते. ती पेटी रिकामी राहू लागली, की मगच जुनी जोडणी तोडावी. त्यानंतर कंपन्या कितीही बदलल्या, तरी परदेशातील मुलीला वडिलांचा पत्ता पुन्हा विचारावा लागणार नाही.