उभ्या गाडीची खडखड

आज आपण गाडीच्या आवाजाविषयी बोलू. बचत गटाच्या कार्यक्रमात हा विषय कसा, असं वाटेल. पण आता कितीतरी गटांकडे स्वतःची गाडी आहे. कुणी भाजी बाजारात नेतं, कुणी पापड-लोणची, कुणी जेवणाचे डबे. गाडी बहुतेकदा कर्जावर घेतलेली असते. ती चार दिवस गॅरेजात राहिली, म्हणून हप्ता काही थांबत नाही.

आमचा गट मुंबईच्या उपनगरातला. आमची व्हॅन रोज मुलुंडहून लाल बहादूर शास्त्री मार्गाने घाटकोपरला डबे नेते. या रस्त्यावर गाडी धावते कमी, उभी राहते जास्त. पावसाळा संपला आणि एक गोष्ट लक्षात आली. धावताना आवाज नाही. पण सिग्नलला थांबली की खालून खडखड सुरू. एका गॅरेजात दाखवली, तर उत्तर आलं, "इंजिन खोलावं लागेल, ताई. घरातल्या पुरुषाला पाठवा, त्यांना समजावून सांगतो." खर्चाचा आकडा आमच्या तीन हप्त्यांएवढा होता. आम्ही होकार दिला नाही. आधी आवाज शोधायचा, मग खर्चाचं बोलायचं, असं बैठकीत ठरलं.

उभ्या गाडीतच आवाज का येतो? गाडी उभी असते तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेतं. फेरे कमी, त्यामुळे हादरे सुटे सुटे आणि जोरात जाणवतात. एखादा पत्रा किंवा बोल्ट सैल असेल, तर तो त्याच तालावर वाजतो. रेस दिली की ताल बदलतो आणि आवाज नाहीसा होतो.

आता शोधायचं कसं ते सांगतो. गाडी मोकळ्या, सपाट जागेत उभी करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, चाकांना विटा लावा. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी बांधा. फिरत्या पट्ट्याजवळ हात न्यायचा नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरायचं नाही.

पहिलं काम म्हणजे गाडी रिकामी करा. डबे, झाकणं, जॅक, पाने, सगळं बाहेर काढा. कित्येकदा आवाज तिथेच संपतो. संपला नाही, तर नंबरप्लेट आणि बॉनेट हाताने दाबून बघा. दाबल्यावर थांबला, तर दोष तिथेच.

मग एकीने आत बसायचं, दुसरीने बाहेरून ऐकायचं. एसी लावल्यावर आवाज वाढला, तर एसीचा कॉम्प्रेसर किंवा त्याची पट्टी तपासायची. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला, तर क्लचच्या बेअरिंगचा संशय. दाबल्यावर थांबला, तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा. सगळी गाडीच थरथरत असेल, तर इंजिन ज्या रबरी बैठकीवर बसतं, ती माउंटिंग बघायला सांगा. प्रत्येक वेळी मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. गॅरेजात गेल्यावर आवाज हमखास गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, आम्ही सायलेन्सरवर लाकडी काठीने हलकेच ठोकलं. लगेच पत्र्यासारखा खणखणाट आला. सायलेन्सरच्या नळीवर उष्णता अडवणारा एक पातळ पत्रा असतो. त्याचा बोल्ट गंजून गेला होता. नळी तापलेली असते, त्यात साचलेल्या पाण्यातून गाडी जाते. तापणं आणि निवणं, शिवाय मुंबईची दमट हवा, यात असे बोल्ट लवकर जातात.

दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो आणि नेमकं सांगितलं, "गिअर न्यूट्रलला असताना वाजतं, रेस दिल्यावर थांबतं, सायलेन्सरचा पत्रा सैल आहे." त्याने स्टीलच्या दोन मोठ्या क्लिपा घालून पत्रा आवळला. एका दिवसाच्या डब्यांच्या नफ्याहून कमी खर्चात काम झालं.

हा पत्रा काढून टाकू नका. तो गाडीच्या तळाला आणि वायरींना झळ लागू देत नाही. गावाकडे गाडी वाळक्या गवतावर उभी राहते, तिथे तर तापलेल्या सायलेन्सरने आगही लागू शकते. पत्रा दोरीने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने बांधू नका; ती वितळते.

सायलेन्सरच्या नळीवर धूर स्वच्छ करणारा एक डबा असतो, कन्व्हर्टर. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो १९९५ पासून सक्तीचा झाला. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते. ती फुटली की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तेव्हा तो डबा बदलावाच लागतो. नुसता काढून टाकला, तर गाडी पीयूसीत नापास होऊ शकते. त्यात प्लॅटिनमसारखे महाग धातू असतात. म्हणून बदलला, तर जुना डबा मागून घ्या.

काही आवाजांना मात्र थांबायला वेळ नसतो. आतून जड ठकठक येते, रेसबरोबर वाढते, किंवा ऑइलचा लाल दिवा लागतो, तेव्हा इंजिन ताबडतोब बंद करा आणि गाडी ओढून न्या. साधी टकटक असेल, तरी आधी ऑइल बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, दहा मिनिटांनी पट्टी काढून पुसा, पुन्हा घालून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं.

गाडी सीएनजीवर असेल, तर सिलिंडर, त्याचे बोल्ट आणि गॅसची नळी यांना घरी हात लावायचा नाही. ते काम अधिकृत केंद्राचंच. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. तारीख तपासून ठेवा.

आम्ही आता गाडीची वेगळी वही ठेवतो. आवाज कुठून येतो, कधी येतो, काय केल्यावर बदलतो, एवढं त्यात लिहायचं. गॅरेजात आधी खर्च कागदावर मागायचा, मोठा खर्च बैठकीत ठरवायचा, काम झालं की बिल आणि जुना पार्ट घ्यायचा. दुरुस्ती मेकॅनिकच करणार, ती त्याची विद्या. पण गाडी गटाची आहे, पैसा गटाचा आहे. काय बिघडलंय ते विचारायला आणि समजून घ्यायला गटातली कुठलीही बाई पुरेशी आहे.

तुमच्या गटाकडे गाडी असेल, तर पुढच्या बैठकीनंतर सगळ्याजणी तिच्याभोवती उभ्या राहा आणि पाच मिनिटं ऐका. चांगल्या गाडीचा आवाज ओळखीचा झाला, की बिघाडाचा आवाज लगेच कळतो.