रस्त्यावरचें आकाश

जमिनीचा पट्टा होतो हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु जमिनीवरील पोकळीचाहि पट्टा होतो, ही गोष्ट प्रथम ऐकतांना थट्टेची वाटते. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत हा व्यवहार खरोखरीच चालतो. १९६५ सालीं टर्नपाइक हा टोलरस्ता खोलगट चरांतून बोस्टनच्या मध्यभागीं आला आणि दोन्ही बाजूंच्या वस्त्या एकमेकींस दुरावल्या. पुढें त्यावरील कांहीं पोकळी सरकारी मंडळानें ९९ वर्षांच्या पट्ट्यानें दिली व १९८४ सालीं तेथें कॉपली प्लेस हें दुकानांचें आणि कचेऱ्यांचें संकुल उघडलें. विक्री न करतां पट्टा दिला, हें शहाणपणाचेंच. शंभर वर्षांनीं रस्त्यास काय लागेल, हें कोणीं सांगावें?

मात्र ही कमाई फुकटची नव्हे. पट्टेदाराच्या हातीं केवळ हवा येते. जमीन त्यानें स्वतः घडवावयाची असते. वाहता रस्ता न अडवितां खांब रोवावे, त्यांवर छत घालावें, खालचा धूर बाहेर काढावा, तेव्हां कोठें इमारतीचा आरंभ! कोलंबस सेंटरची योजना या खर्चाखालींच दबली: २००७ सालीं काम निघालें, २००८ सालीं थांबलें, २०१० सालीं तिचा नाद सोडावा लागला. शेजाऱ्यांच्या वांट्यास अर्धवट कामाचा पसारा तेवढा आला. कॉपली प्लेसनंतर या रस्त्यावर बोस्टनमध्यें पुढची मोठी इमारत उभी राहावयास सुमारें ४० वर्षें लागलीं.