आठवण नसलेले गाव

श्रोतेहो, क्षणभर एका गावाची कल्पना करा. तिथे दुष्काळ नाही, तंटा नाही, कोर्टकचेरी नाही. कुणी उपाशी निजत नाही. कुणाचा जोडीदार कोण, हे गावची वडीलधारी मंडळी ठरवतात आणि दर घराला एक मुलगा नि एक मुलगी नेमून देतात. पोर नऊ वर्षांचे झाले की त्याला सायकल मिळते. बारावे लागले की काम नेमून मिळते. तुम्ही म्हणाल, असे गाव असेल तर आम्ही उद्याच बिऱ्हाड हलवू! पण थांबा. सगळी हकिकत ऐका, मग काय ते ठरवा.

हे गाव आहे ‘द गिव्हर’ या इंग्रजी कादंबरीतले. ‘देणारा’ असा त्या नावाचा अर्थ. लोइस लाउरी या अमेरिकन लेखिकेने ती वाढत्या वयाच्या मुलांसाठी लिहिली. १९९३ साली ती प्रसिद्ध झाली आणि १९९४ साली तिला अमेरिकेतले बालवाङ्मयाचे न्यूबेरी पदक मिळाले.

जोनस हा या गोष्टीतला मुलगा. त्याच्या वाट्याला मोठे अवघड काम येते. गावाने सुखासाठी जुन्या साऱ्या आठवणी टाकून दिल्या आहेत. युद्ध, भूक, ताटातूट यांची आठवण कुणालाच नाही. ती सगळी एका म्हाताऱ्याजवळ ठेवलेली आहे. आता ते ओझे जोनसने घ्यायचे. म्हातारा त्याच्या पाठीवर हात ठेवतो आणि एकेक आठवण त्याच्यात उतरवतो. पहिली आठवण येते ती बर्फाच्या टेकडीवरून घसरगाडीने खाली येण्याची. जोनसने बर्फ पाहिलेले नाही आणि टेकडीही पाहिलेली नाही. शेतीला नि वाहतुकीला अडचण नको, म्हणून गावाने दोन्ही नाहीशी केली आहेत. रंगसुद्धा घालवले आहेत. मग मोडलेल्या पायाची कळ येते, रणांगण येते. आणि आजीआजोबांनी भरलेले एक घरही येते. तिथे त्याला माया म्हणजे काय ते कळते. आपल्यावर तुमची माया आहे का, असे तो घरी येऊन विचारतो, तर आईबाप हसतात आणि असले मोघम शब्द वापरू नयेत म्हणून समजावतात.

त्या गावात एक शब्द नेहमी कानी पडतो: ‘मोकळे करणे’. म्हाताऱ्यांना समारंभाने मोकळे करतात. नियम पुनःपुन्हा मोडणाऱ्याला मोकळे करतात. जोनसचा बाप तान्ह्या मुलांच्या संगोपनाचे काम करतो. स्वभावाने प्रेमळ माणूस. एकदा जुळे मुलगे जन्मतात. दोघे दिसायला सारखे. गोंधळ नको म्हणून एकच ठेवायचा. बाप दोघांना तोलतो आणि ज्याचे वजन कमी भरते त्याला लाडिक बोलत सुई टोचतो. पोर निपचित पडते. जोनस हे पडद्यावर पाहतो, आणि मोकळे करणे म्हणजे काय ते त्याला कळते.

मंडळी, आपणही मरणासाठी मऊ शब्द वापरतो. ‘मेला’ न म्हणता ‘देवाज्ञा झाली’ म्हणतो. पण बोलणारा आणि ऐकणारा दोघेही जाणतात की काय झाले. त्या शब्दामागे रडणे असते. जोनसच्या गावात शब्द मऊ आहे आणि मागे काहीच नाही. दुःखाची आठवण गेली, म्हणून आपण काय करतो हे कळण्याची ताकदही गेली. माझ्या मते पुस्तकाचा गाभा हा आहे. त्या बापाला मी दुष्ट म्हणू शकलो नाही, आणि म्हणूनच मला त्याची अधिक भीती वाटली.

लेखिकेला हे सुचले कसे? तिचे वडील म्हातारपणी विसरू लागले होते. लेखिकेची थोरली बहीण तरुणपणीच वारली होती. वडील तिचा फोटो पाहत आणि हिचे काय झाले म्हणून विचारत. दुःख विसरणे बरे की वाईट, हा प्रश्न तिथून उभा राहिला. तो घरातला प्रश्न आहे, म्हणून पुस्तक कोरडे झालेले नाही.

उणे आहे तेही सांगतो. हाताने आठवण कशी उतरते, रंग कसे पुसले, याचा उलगडा लेखिका करीत नाही. शेवटही ती मोकळा सोडते. प्रथम मी चिडलो. मग वाटले, जिथे कुणालाच काही निवडता येत नाही अशा गावाची ही गोष्ट. शेवट काय झाला ते निवडण्याचे काम तिने आपल्याकडे दिले, हे योग्यच झाले.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सांगणे आहे. हे पुस्तक मुलांच्या हाती नको, अशा तक्रारी अमेरिकेतच पुष्कळ झाल्या. १९९० ते १९९९ या काळात सर्वांत जास्त हरकती आलेल्या शंभर पुस्तकांच्या तिथल्या यादीत त्याचे नाव आहे. ते तान्ह्याचे प्रकरण खरोखर जड आहे. लहान पोरांना देऊ नका. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ही गोष्ट सांगा आणि विचारा, तुमचे काम दुसऱ्याने ठरवले तर चालेल का? जन्मावरून काम ठरवण्याची रीत आपल्या गावांनी पाहिलेली आहे. मुले उत्तर देतील.

जाता जाता एक. जोनसच्या गावात घरोघरी सूचना देणारे ध्वनियंत्र आहे. ते बंद करण्याची कळ फक्त त्या म्हाताऱ्याच्या खोलीत आहे. तुमच्या रेडिओची कळ तुमच्या हाती आहे. मी सांगितले ते पटले नसेल तर खुशाल फिरवा. पण पटले नाही ते का, याचा विचार मात्र करा.